एका छपराखाली दोन मांजरे

परभणीचा मोंढा असो, की मानवत, सेलू, जिंतूरची बाजारपेठ. खाली दुकान आणि वर राहते घर, ही व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे मांजर येते आणि हळूहळू घरचेच होऊन जाते. पुढे एखादे नातवंड पावसात भिजलेले दुसरे पिल्लू उचलून आणते आणि त्या दिवसापासून घरात गुरगुर, फिसकारणे, ओरखडे सुरू होतात. चार रात्री झोपमोड झाली की कोणीतरी सुचवते, एकाला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून यावे.

परक्या जागी सोडलेल्या मांजराला तेथील कुत्री व मांजरे ठरू देत नाहीत. अन्नपाणी कोठे मिळेल हेही त्याला ठाऊक नसते. अन्नपाननिरोध हा अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक होय. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

भांडणाचे मूळ मांजराच्या स्वभावात आहे. ते एकट्याने शिकार करते आणि आपली जागा वासावरून ओळखते. दाराच्या चौकटीला गाल घासून ते आपला वास तेथे ठेवते. नवे मांजर त्याच्या लेखी घुसखोर ठरते. म्हणून नव्याला प्रथम आठवडा-दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. एकाच्या अंथरुणाचे फडके दुसऱ्याजवळ ठेवावे. बंद दाराच्या दोन्ही बाजूंस दोघांना एकाच वेळी खाऊ घालावे. फिसकारणे थांबल्यावर जाळीतून दर्शन घडवावे आणि मग थोड्या थोड्या वेळाच्या भेटी वाढवाव्यात.

वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने राहिलेली मांजरे अचानक भांडू लागली, तर कारण शोधावे. एखाद्याला दात, सांधे वा लघवीचा त्रास असतो. कधी खिडकीबाहेर परका बोका दिसतो आणि त्याच्यावरचा राग शेजारच्या सोबत्यावर निघतो. अशा वेळी खिडकीचा खालचा भाग झाकून टाकावा. कधी दवाखान्यातून परतलेल्या मांजराच्या अंगाला औषधाचा वास असतो व दुसरे त्याला ओळखत नाही. त्याला काही तास वेगळे ठेवावे.

दोन मांजरांसाठी मातीची तीन पात्रे वेगवेगळ्या जागी असावीत. खाण्याच्या वाट्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. बसायला उंच फळ्या असल्या, तर दुबळ्याला आसरा मिळतो. भांडताना मारू नये. माराची भीती दुसऱ्या मांजराशी जोडली जाते आणि वैर वाढते. मध्ये हातही घालू नये. जाड पुठ्ठा आडवा धरावा. चावा वा ओरखडा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्वरित डॉक्टरांकडे जावे.

नसबंदीने बोक्यांची मारामारी पुष्कळ कमी होते. ती छेदाच्या अतिचारात मोडते काय, हा प्रश्न अनेक श्रावकांच्या मनात येतो आणि तो गुरुजनांपुढे मोकळेपणाने मांडावा. विचार करताना एवढे ध्यानी घ्यावे, की ही शस्त्रक्रिया भूल देऊन होते आणि मांजरी वर्षातून दोन-तीनदाही विते. नकोशी झालेली पिल्ले अखेर त्याच पोत्यातून रस्त्यावर जातात. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातील कुटुंबांना तज्ज्ञांचा सल्ला दुर्लभ नाही.

सर्व करूनही काही मांजरांची मैत्री होत नाही. एकाने खाली दुकानात आणि दुसऱ्याने वर घरात राहावे, अशी वाटणी आयुष्यभर चालू शकते. दोघे एकमेकांना न दुखावता जेवली आणि निवांत झोपली, तर तेवढे पुरेसे आहे.