मुक्त आज्ञावली : देणगी कोणाची, मालकी कोणाची?

संगणकाच्या जगातील भांडणे सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतात आणि पोहोचली तरी तंत्रज्ञांची आपसांतील कुरबुर म्हणून ती सोडून दिली जातात. गेल्या काही वर्षांत ‘ओपन सोर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावल्यांच्या परवान्यांवरून जो वाद पेटला आहे, तो मात्र असा सोडून देण्याजोगा नाही. बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्या यांचा कारभार आज ज्या आज्ञावल्यांवर चालतो, त्यांतील फार मोठा भाग या वर्गातला आहे. तो कोणी लिहिला, त्याची देखभाल कोण करतो आणि उद्या त्याच्या अटी बदलल्या तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न केवळ तंत्राचे नाहीत. ते मालमत्तेचे आणि विश्वासाचे आहेत. म्हणूनच ते अर्थशास्त्राच्याही कक्षेत येतात.

वादाची हकीकत थोडक्यात अशी. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीने ‘टेराफॉर्म’ या आपल्या आज्ञावलीचा मुक्त परवाना काढून घेतला आणि आपल्याशी स्पर्धा करणाऱ्यांना तिचा वापर बंद केला. मार्च 2024 मध्ये ‘रेडिस’ ही माहितीसाठ्याची आज्ञावली चालविणाऱ्या कंपनीने तोच मार्ग धरला. त्यापूर्वी 2018 मध्ये मोंगोडीबीने आणि 2021 मध्ये इलास्टिकने असेच केले होते. प्रत्येक वेळी वापरकर्ते खवळले आणि विश्वासघाताचा आरोप झाला. टेराफॉर्मची ‘ओपनटोफू’ आणि रेडिसची ‘व्हॅल्की’ अशी प्रतिरूपे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभी राहिली. कंपन्यांचे उत्तरही ठरलेले होते : संशोधनाचा खर्च आम्ही सोसतो आणि आमचीच आज्ञावली आपल्या यंत्रांवर चालवून भाडे वसूल करतात त्या अवाढव्य मेघसेवा-कंपन्या.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने या प्रकरणात मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. मराठीला तो घोटाळा परवडण्याचे कारण नाही, कारण आपल्याजवळ ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि 1989 मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना सिद्ध केला, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य : आज्ञावली वाचण्याचे, बदलण्याचे, दुसऱ्यास देण्याचे. ती विकण्यास त्यांनी कधीच मनाई केली नाही. पुढे 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे आला तो या नैतिक आग्रहाची धार बोथट करून व्यापाऱ्यांच्या गळी ही कल्पना उतरावी म्हणूनच. तेव्हा व्यापारीकरण हे या चळवळीवर बाहेरून आलेले संकट नव्हे. त्याला पाट मांडून, पाचारण करून आणले गेले. आता पाहुणा पंक्तीत कोठे बसतो एवढ्यावरूनच तक्रार करणे तितकेसे प्रामाणिक नाही.

प्रश्न अधिक स्पष्ट व्हावा म्हणून एक लहान पण बोलके उदाहरण घेतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ जिल्ह्याच्या ग्रंथालय-न्यासाची जुनी प्रणाली सन 2000 ओलांडू शकणार नव्हती आणि बाजारातील नवी प्रणाली या लहान संस्थेच्या आवाक्याबाहेर होती. न्यासाने कातिपो नावाच्या एका स्थानिक कंपनीकडून स्वतःसाठी आज्ञावली लिहून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती सुरू झाली आणि सार्वजनिक परवान्याखाली जगाला देऊन टाकली गेली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे देणगी. परंतु ही देणगी एकतर्फी नसते, तिच्यात परतफेडीची अपेक्षा गृहीत असते. आपल्याकडच्या आहेराला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. आज भारतातील असंख्य महाविद्यालयांची ग्रंथालये, त्यांत महाराष्ट्रातीलही अनेक, कोहावर चालतात.

या देणगीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लिबलाइम या अमेरिकन कंपनीने 2007 मध्ये कातिपोचा कोहा-विभाग विकत घेतला. 2009 मध्ये तिने आपल्या ग्राहकांसाठी कोहाची वेगळी आवृत्ती काढली आणि तिच्यातील सुधारणा सर्वांना देण्याचे काम लांबणीवर टाकले. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे सापडणे कठीण होते. ज्या परवान्याखाली कोहा होती, त्याची अट अशी की आज्ञावलीची प्रत दुसऱ्यास द्याल तर मूळ मजकूरही द्यावा लागेल. पण कंपनीने प्रत दिलीच नाही, ती आपल्याच यंत्रावर ठेवली आणि ग्रंथालयांना दुरून वापरू दिली, तर देण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढे 2010 मध्ये पीटीएफएस या दुसऱ्या कंपनीने लिबलाइम घेतली. 2011 मध्ये तर न्यूझीलंडमध्येच ‘कोहा’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून या कंपनीच्या पदरात पडण्याची वेळ आली होती. माओरींचा शब्द, न्यूझीलंडच्या ग्रंथालयाची देणगी, आणि नावाचा हक्क मात्र अमेरिकन कंपनीचा! न्यासाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली आणि अखेरीस तो दावा टिकला नाही.

यातून जगभरच्या कोहा-वापरकर्त्यांनी जो धडा घेतला तो मोलाचा आहे. संकेतस्थळ, नाव आणि आवृत्त्या काढण्याची व्यवस्था त्यांनी न्यासाच्या नावे बांधून घेतली आणि काम चालू ठेवले. आज कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. देखभालीवर पैसे मिळविणाऱ्या लहान कंपन्या अनेक देशांत आहेत. त्या ग्रंथालयांकडून शुल्क घेतात आणि केलेली सुधारणा सामाईक भांड्यात परत टाकतात. म्हणजे व्यापार आहे, नफाही आहे. नाही ती एका घराची मक्तेदारी. मुक्त आज्ञावलीवर कोणी पैसा मिळवू नये असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य अभ्यासावे.

आपल्याकडे शेतीत सावड नावाची पद्धत होती, क्वचित अजूनही आहे. तुझे बैल माझ्या शेतात, माझे मनुष्यबळ तुझ्या शेतात. या पद्धतीत पैसा नसतो, पण हिशेब असतो आणि तो सगळ्या गावाला ठाऊक असतो. मुक्त आज्ञावलीची अडचण अशी की सावड गावापुरती असते आणि ही जगभर पसरली. ज्याने एकदाही बैल दिले नाहीत, त्याच्या शेताची नांगरट आधी होते आणि त्याला जाब विचारणारे कोणी नसते. अर्थशास्त्रात याला आयतखाऊपणाचा प्रश्न म्हणतात. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका वर्णिली, तीत गुरे फार झाली की गवत संपते. येथे गवत संपत नाही. एक प्रत काढली काय आणि कोटी प्रती काढल्या काय, मूळ आज्ञावली तशीच राहते. संपते ते राखणदाराचे बळ, आणि ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आंतरजालावरील व्यवहार सुरक्षित राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्ये एप्रिल 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड सापडले, तेव्हा जगाला प्रथमच कळले की अब्जावधींची उलाढाल ज्या कुलुपावर विसंबून होती, त्याची दुरुस्ती करणाऱ्या मंडळींना देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे 2,000 डॉलर मिळत होते. त्या आज्ञावलीचा फुकट वापर करणाऱ्यांत जगातील धनाढ्य कंपन्या होत्या. नंतर धावपळ झाली, निधी उभारला गेला. आधी कोणालाच का सुचले नाही, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत हिशेबाच्या वहीत शून्य लिहिली जाते आणि शून्याची तरतूद कोणी करीत नाही.

तेव्हा कंपन्यांची तक्रार निराधार नाही. पण तिच्यातील अर्धसत्य सांगितले पाहिजे. मुक्त परवाना या कंपन्यांनी परोपकार म्हणून स्वीकारला नव्हता. त्यामुळे जाहिरातीवाचून जगभर प्रसार झाला, बाहेरच्या लोकांनी चुका शोधून दिल्या आणि हजारो अभियंत्यांनी आपला वेळ खर्चून त्या आज्ञावल्या शिकून घेतल्या. हे शिक्षण, ही सवय, म्हणजे वापरकर्त्याने केलेली गुंतवणूकच होय. आणि एकदा ती झाली की दुसरीकडे जाण्याचा खर्च वाढत जातो. खर्च पुरेसा वाढल्यावर अटी बदलणे म्हणजे दुसऱ्याने केलेल्या गुंतवणुकीवर भाडे आकारणे आहे. मेघसेवांनी आयते खाऊ नये एवढीच चिंता असती तर ‘अफेरो’ परवाना 2007 पासून उपलब्ध होता. त्याच्या अटी दुरून सेवा देणाऱ्यालाही लागू होतात. कोहाच्या प्रकरणात जी फट राहिली होती, नेमकी तीच तो बुजवतो. पण मोठे ग्राहक त्या परवान्याला बिचकतात आणि प्रसार खुंटतो. या कंपन्यांना ढिल्या परवान्याने मिळणारा प्रसारही हवा होता आणि कडक परवान्याने मिळणारे संरक्षणही. पुढे इलास्टिकने 2024 मध्ये आणि रेडिसने 2025 मध्ये हा अफेरो परवाना आपल्या पर्यायांत घेतलाच. तोवर प्रतिरूपे उभी राहून ग्राहक तिकडे वळू लागले होते. ग्राहकापाशी सोडून जाण्याचा मार्ग असेल तरच त्याच्या तक्रारीला वजन येते, हे आल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 मध्येच मांडले होते.

वापरकर्त्यांच्या बाजूने विश्वासघाताचा आरोप सरसकट केला जातो, तोही तपासून घ्यावा लागतो. पुढील आवृत्ती फुकट मिळत राहील असे कोणत्याच मुक्त परवान्यात लिहिलेले नसते. उलट, हमी नाही असेच स्पष्ट लिहिलेले असते. परवाना बदलला म्हणजे आधीची आवृत्ती हिरावली जात नाही. पण ‘सेंटओएस’चे प्रकरण निराळे होते. रेड हॅटच्या प्रणालीचे हे विनामूल्य प्रतिरूप 2014 मध्ये त्या कंपनीच्याच आश्रयाला आले. त्याची आठवी आवृत्ती 2029 पर्यंत सांभाळली जाईल असे जाहीर झाले होते. या भरवशावर 2019 मध्ये अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेने आपली ‘सायंटिफिक लिनक्स’ ही प्रणाली पुढे न नेण्याचे ठरविले. त्याच वर्षी आयबीएमने सुमारे 3,400 कोटी डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली आणि डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाले की आठवी आवृत्ती 2021 च्या अखेरीस संपेल. येथे वापरकर्ता फुकटाची हाव धरून बसला नव्हता. दिलेल्या तारखेवर विसंबून त्याने आपले नियोजन केले होते, आणि तारीख देणाऱ्याने ती आठ वर्षांनी अलीकडे ओढली. करार नव्हता म्हणून दावा लागत नाही, एवढ्याने हे वर्तन योग्य ठरत नाही. माझ्या मते विश्वासघात हा शब्द अशाच प्रसंगासाठी राखून ठेवावा. दर परवानाबदलाला तो लावल्याने त्याची धार जाते.

मग वापरकर्त्याने आज्ञावली निवडताना पाहावे काय? परवाना पाहावाच, पण त्याहून आधी मालकी पाहावी. लिनक्सच्या गाभ्याचे स्वामित्व हजारो लेखकांत विखुरलेले आहे. त्या सर्वांची संमती मिळविणे व्यवहारात अशक्य असल्याने त्याचा परवाना कोणी एका रात्रीत बदलू शकत नाही. उलट, जेथे बाहेरच्या योगदात्यांकडून हक्काचा कागद आधीच लिहून घेतला जातो, किंवा परवानाच इतका ढिला असतो की पुढील आवृत्ती बंद करण्यास कोणाची संमती लागत नाही, तेथे दरवाजाला कडी आतून आहे हे ओळखावे. प्रतिरूप काढण्याचा हक्क कागदावर सर्वांना असतो. व्हॅल्कीच्या मागे ॲमेझॉन, गूगल आणि ओरॅकल उभ्या होत्या, हे विसरून चालणार नाही. एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाला तो हक्क एकट्याने बजावता येणार नाही. कोहाप्रमाणे इतरांशी सावड करूनच तो बजावता येईल.

आपल्या केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण स्वागतार्ह होते. परंतु सरकारी आणि अनुदानित संस्थांत त्याचा अर्थ ‘परवान्याचे पैसे वाचले’ एवढाच लावला गेला आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर काम करताना मी हे जवळून पाहिले आहे. विकतच्या प्रणालीसाठी अंदाजपत्रकात रक्कम धरता येत असे. मुक्त प्रणाली आल्यावर ते शीर्षकच रद्द झाले, जणू तिला कोणाचे श्रम लागतच नाहीत. प्रणाली बसवून देणारा गृहस्थ दुसऱ्या गावी गेला आणि आवृत्ती जुनी पडत गेली, तेव्हा दुरुस्तीसाठी खर्च कोणत्या शीर्षकाखाली टाकावा यावर दोन बैठका झाल्या. अखेरीस तो ‘फर्निचर व किरकोळ’ यात बसविण्यात आला.

अशा डझनभर महाविद्यालयांनी वाचलेल्या रकमेचा चौथा हिस्सा जरी एकत्र केला, तरी एक जाणकार माणूस पूर्णवेळ नेमता येईल. मराठी ग्रंथांच्या नोंदींसाठी लागणाऱ्या सुधारणा तो येथे बसून करील आणि त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवील. त्यासाठी विद्यापीठांना नवा कायदा नको, लेखापरीक्षकाला मान्य होईल असे एक शीर्षक हवे : ‘मुक्त प्रणालींची देखभाल व योगदान’. पुढील वर्षाची अंदाजपत्रके तयार होत असताना निदान विद्यापीठांच्या वित्त समित्यांनी ते घालून पाहावे.