पळतोय तर मारता कशाला?

आधीच सांगून टाकते, हा लेख वाचून माहेरची निम्मी मंडळी माझ्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. माझं माहेर जुन्नरकडचं. तिकडे यात्रा म्हटली की घाट आलाच, आणि घाट म्हटला की बैलगाडा. त्यामुळे 'आता ही शर्यती बंद करा म्हणणार' असं वाटून ज्यांनी बाह्या सरसावल्या असतील त्यांनी जरा दम धरावा. शर्यती बंद करा असं मी म्हणत नाहीये. मी मार बंद करा म्हणतेय. चाबूक, आसूड, काठी, आर लावलेली पराणी, शेपटी पिरगाळणं, सगळंच.

"अगं पण ते बंदच आहे की!" असं मामा म्हणतील. बरोबर आहे. कागदावर बंदच आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदी आणली. मग २०१७ मध्ये महाराष्ट्राने आपला दुरुस्ती कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदाच वैध ठरवला. गावोगावी गुलाल उधळला गेला. माझ्या माहेरीही.

पण त्या गुलालात एक गोष्ट झाकली गेली. परवानगी सशर्त आहे. बैलाला वेदना होता कामा नयेत, हीच मुळी त्या कायद्यातली अट आहे. ती मोडली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. सोबतच्या नियमांत तर सगळं नावानिशी लिहिलंय. काठी नाही, चाबूक नाही, टोचणं नाही, विजेचा झटका नाही, शेपटी पिरगाळायची नाही, चावायचीही नाही. (शेपटी चावू नका असं सरकारला लिहून द्यावं लागतं, यातच काय ते समजा.)

आणि प्रत्यक्षात? ज्यांनी मैदान पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. हल्ली तर प्रत्यक्ष जायचीही गरज नाही, यूट्यूबवर दिवसभर लाइव्ह चालू असतं. सुटताना गाड्याभोवती जी झुंबड असते त्यात कुणाच्या हातात काय आहे ते नीट बघा. काठी दिसली की लोक ओरडतील, म्हणून बुक्क्या. बुक्क्यांनी भागलं नाही तर शेपटी. दोन बैलांच्या मैदानात छकड्यावर बसलेल्या ड्रायव्हरचे हात बघा, बैलाच्या पाठीवर सारखे चाललेले असतात. माईकवरचा निवेदक मात्र बैलाच्या खानदानाचं कौतुक करण्यात दंग.

आता माझा खरा प्रश्न. न्यायालयात आपल्या बाजूने काय सांगितलं गेलं? की बैल हा पळणारा प्राणी आहे, पळणं त्याच्या अंगात आहे. राज्य सरकारने बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवरचा अहवालही मांडला. माझे मावसभाऊ हेच सांगतात: "ताई, आपला बैल घाट दिसला की थांबतच नाही, त्याला पळायची हौसच आहे."

असेल. मी मान्य करते. मग मारता कशाला?

यातलं एकच काहीतरी खरं असू शकतं. बैल हौसेने पळत असेल तर चाबकाचं काही काम नाही. आणि चाबकाशिवाय तो पळत नसेल, तर हौसेची गोष्ट खोटी आणि कोर्टात सांगितलेलंही खोटं. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही.

हा वाद फक्त आपल्याकडे आहे असं नाही. परदेशात 'हार्नेस रेसिंग' नावाचा प्रकार असतो. आपल्या छकड्यासारखीच दोन चाकांची हलकी गाडी, तिला सल्की म्हणतात, पुढे एक घोडा आणि मागे लगाम धरून बसलेला चालक. घोड्याने दुडकी चाल सोडून चौखूर उधळायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे चालतं. डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेने जाहीर केलं की १ सप्टेंबर २०१७ पासून चाबूक बंद. प्रत्यक्षात ती तारीख आली तेव्हा बंदी आलीच नाही, चाबूक कसा वापरायचा यावर बंधनं तेवढी आली. म्हणजे घोषणा करून पाय मागे घेणं हे फक्त आपल्यालाच जमतं असंही नाही!

तरी तिथे एक बरं झालं. लोकांनी चाबकाचा उपयोग मोजून पाहायला सुरुवात केली. २०११ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांचा साध्या घोड्यांच्या शर्यतींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घोडे सर्वांत वेगात कधी होते? शेवटच्या ६०० ते ४०० मीटरच्या टप्प्यात, म्हणजे चाबूक चालायच्या आधी. चाबूक चालला तो पुढे, घोडे दमल्यावर. आणि मारल्याने वरचा नंबर मिळण्याची शक्यता काही वाढली नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाबूकवाल्या आणि बिनचाबकाच्या शर्यती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर वेळेत फरक नाही आणि सुरक्षिततेतही नाही. 'चाबूक नसेल तर जनावर आवरणार कसं?' या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. त्याच वर्षी घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली. वेदना जाणवणारे मज्जातंतू दोघांत सारखेच.

हे सगळं घोड्यांबद्दल, बैलाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. त्यासाठी प्रयोगशाळा कशाला हवी? गोठ्यात जाऊन उभे राहा. बैलाच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते. ज्याला माशीचे पाय कळतात त्याला आर लागलेली कळत नाही, हे कुणी मला पटवून द्यावं.

"शहरात बसून लिहायला काय जातंय, पोरी? आम्ही त्याला पोरापेक्षा जास्त जपतो." हा पुढचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. खुराक, मालिश, पोहणी, पायाला जरा काही झालं तर रात्रभर जागरण, हे मी घरात पाहिलंय. खिल्लार शर्यतींमुळे टिकलाय हेही मला पटतं, ट्रॅक्टर आल्यावर दुसरं कोण सांभाळणार होतं त्याला? पण वर्षभराची माया हा त्या बारा-पंधरा सेकंदांच्या माराचा परवाना होत नाही. उलट, एवढी माया असूनही हात उठतो, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा रेसकोर्सचा. "श्रीमंतांच्या घोड्यांना मारलेलं चालतं, शेतकऱ्याच्या बैलालाच कायदा का?" या रागात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटके अशी मोजणी आहे. सातवा फटका आला की सपाट शर्यतीत गुन्हा, सहावा मात्र नियमात! हा हिशोब मला तरी कळलेला नाही. पण त्यांचा चाबूक चुकीचा असेल तर त्याने आपला बरोबर कसा ठरतो?

आणि परंपरा म्हणाल तर परंपरेला हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तुपा-हळदीने मळतो. का? वर्षभर जू त्या खांद्यावर होतं म्हणून. पोळ्याला त्याला कामाला जुंपत नाहीत, टोचत-मारत नाहीत. मार त्याला लागतो, हे ज्यांना माहीत होतं त्यांनीच हा दिवस राखून ठेवला. आर लावलेल्या पराणीला तर कामाच्या बैलासाठीसुद्धा १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे. आणि १९६० च्या मूळ कायद्यात जनावराला मारण्याचा पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. यात्रेत एका भेळीलाही पुरत नाहीत.

म्हणून मला पोलिसांकडून फार अपेक्षा नाहीत. अपेक्षा आहे ती यात्रा कमिटीकडून. गाडा पट्ट्याबाहेर गेला तर पंच तो बाद करतात ना? तसाच बैलाला हात लावला की गाडा बाद. तिथल्या तिथे, माईकवरून नाव घेऊन. निकालाला कॅमेरा चालतो, मग याला का नको? मामा, एका यात्रेत एकच नावाजलेला गाडा असा बाद होऊ द्या, पुढच्या यात्रेत पराणी घरीच राहील.

हे बैलासाठी तर आहेच, पण शर्यतीसाठीही आहे. सात वर्षं घाट ओस पडले होते तेव्हा माहेरी काय कळा होती ते मला माहीत आहे. परवानगी मिळाली ती वेदना देणार नाही या शब्दावर. तो शब्द रोज मोबाईलवर मोडताना दिसतोय, आणि ते व्हिडिओ आपणच टाकतोय. उद्या कुणी तेच घेऊन कोर्टात गेलं तर प्राणिमित्रांना शिव्या देऊन उपयोग नाही.

असो. ज्याचा बैल खरंच पळणारा आहे त्याला या नियमाची भीती वाटायचं कारण नाही. भीती कुणाला वाटते ते बघायचंय मला. प्रतिक्रिया लिहा, भांडा, फोनवर ओरडलात तरी चालेल. फक्त 'पळतोय तर मारता कशाला' याचं उत्तर तेवढं द्या.