इजाजत मिळाली म्हणून जायज झाले का?

‘महसूल’ आणि ‘तहसील’ हे आपले रोजचे शब्द मूळचे अरबी. दोघांचा धातू एकच: हासिल करणे, गोळा करणे. ‘त्यात काय हशील?’ यातला ‘हशील’ही त्याच घरातला. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला असले नातेसंबंध सांगायला आवडतात. पण मावळात बसून सांगताना घास अडकतो. डोंगर फोडायची परवानगी देणारे, फोडलेल्या दगडावर स्वामित्वधन घेणारे आणि जास्त फोडला का हे मोजणारे खाते एकच आहे. त्याचे नावच वसुली. वसुली करणाऱ्याला राखणदार नेमल्यावर राखण कशी होणार?

डिसेंबर २०२५च्या नागपूर अधिवेशनात आपल्याच तालुक्यातल्या मंगरूळचे अवैध उत्खनन गाजले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी तहसीलदारांपासून तलाठ्यांपर्यंत दहा जणांच्या निलंबनाची घोषणा केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोष कोणाचा हे चौकशी ठरवील. त्यात मी पडत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. माणसे बदलली तरी ज्या पद्धतीने परवानगी मिळते, ती तशीच राहिली तर पुढचे मंगरूळ कोणते?

ती पद्धत पाहा. कायद्याच्या भाषेत आपला काळा दगड म्हणजे ‘गौण खनिज’. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्याचे स्वामित्वधन सहाशे रुपये. घनफुटाला सहा रुपये! एवढ्या पैशांत आज चहाही येत नाही. दर गौण, म्हणून तपासणीही गौण. पाच हेक्टरपर्यंतच्या सुट्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागते, पण तिच्यासाठी जनसुनावणी होत नाही. म्हणजे सुरुंगाने ज्यांच्या भिंती हादरणार, ज्यांच्या विहिरीत धूळ बसणार, त्यांना कोणी विचारायचेच नाही.

मग व्हायचे तेच होते. मोठ्या खाणीचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसवायचा. ही माझी कल्पना नाही. हरियाणात साडेचार हेक्टरांचे असे तुकडे लिलावात निघाले, तेव्हा दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी हवीच. तुकड्यांचा एकत्रित परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. पाचशे मीटरच्या आतल्या खाणी एक समूह मानण्याचा नियमही पुढे आला. पण पाचशे मीटर मोजणार कोण? पुन्हा वसुलीवालेच.

मळवली स्टेशनाबाहेर उभे राहा. एका अंगाला भाजे, विसापूर, लोहगड, दुसऱ्या अंगाला कार्ला, मधून इंद्रायणी. जुलै २०२५मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, आपण पेढे वाटले. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर मनाई आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रण आहे. चांगले आहे. पण तीनशे मीटरच्या पुढे तोच डोंगर, तोच दगड एकदम ‘गौण’ कसा होतो? झऱ्याला ती रेषा दिसते का? पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३चा. संवेदनशील क्षेत्रात खाणबंदी सांगणारी अधिसूचना मात्र २०१४पासून मसुद्यातच फिरते. जुलै २०२४मध्ये सहावा मसुदा निघाला. मसुदे निघतात तोवर यंत्रे थांबत नाहीत.

यावर उत्तर ठरलेले असते: खडी नको, तर घरे कशी बांधणार? रस्ते कसे होणार? खाणीवर पोट असलेल्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार कुटुंबांनी जायचे कुठे? प्रश्न खरा आहे. माझ्या घराच्या भिंतीतही खडी आहे. खडी बंद करा असे मी म्हणतच नाही. पण मजुराच्या नावाने जे बोलतात, त्यांनी त्याला मास्क तरी दिला का, हे आधी सांगावे. धूळ पहिल्यांदा त्याच्याच छातीत जाते. नियम पाळणारी खाण त्याचे पोट मारत नाही, मालकाचा फुकटचा नफा कमी करते.

मागण्या साध्या आहेत. परवाना देणारा आणि मोजणारा वेगळा असावा. मोजणीचे आकडे दर सहा महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. खाण लहान असली तरी ग्रामसभेपुढे मराठीत माहिती ठेवल्याशिवाय मंजुरी नसावी. सपाटीकरणाच्या नावाखाली निघालेला दगडही त्याच हिशेबात यावा. खड्डा भरण्याची हमी आधी, सुरुंग नंतर.

आणि आपणही बसून राहू नये. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मंजुरी घेतलेल्याने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो आणि तो अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. तुमच्या गावाजवळच्या खाणीचा शेवटचा अहवाल मागा. नसेल तर लेखी उत्तर मागा.

‘इजाजत’ आणि ‘जायज’ यांचाही धातू एकच आहे. पण भाषेत सख्खे असलेले शब्द व्यवहारात सख्खे असतीलच असे नाही. कागदावरची इजाजत जायज आहे की नाही, हे विचारण्याचा पहिला हक्क त्या डोंगराखाली राहणाऱ्यांचा आहे.