भुईखालचा रहीम

शाळेत हिंदीच्या तासाला रहीमचा पाण्यावरचा दोहा बहुतेकांनी शिकलेला असतो. मोत्याचे तेज, माणसाची अब्रू आणि पीठ मळायचे पाणी असे एकाच शब्दाचे तीन अर्थ उलगडले, श्लेषाचे नाव सांगितले, की विषय संपतो. हा कवी म्हणजे दख्खनच्या मोहिमांवरचा मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखाना, आणि त्याच्याच काळात, 1615च्या सुमारास, बुऱ्हाणपुरात जमिनीखालून पाणी आणले गेले, हे सहसा सांगितले जात नाही.

मासुंद्याजवळच्या नौपाड्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला पाणी म्हणजे उघड्यावर दिसणारी गोष्ट वाटते. भुसावळच्या पुढे बुऱ्हाणपूरला उतरून 'कुंडी भंडारा' पाहिला, की ही समजूत मोडते. सुमारे ऐंशी फूट खोल कुंडीच्या तळाशी दगडी बोगदा आहे आणि त्यातून पाणी वाहते आहे. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेत अडवून शंभराहून अधिक कुंड्या या बोगद्याने जोडल्या आहेत. रहाट नाही, मोट नाही. आहे तो केवळ उतार. खाणीत साचलेले पाणी बाहेर काढण्याची जुनी युक्ती हीच. खाणीला जे पाणी नकोसे, ते इथे हवे आहे, एवढाच फरक.

ही इराणी करेझची विद्या. खानखानाशी दीर्घकाळ झुंजलेला मलिक अंबर त्याच दशकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशाच विद्येने नहर बांधत होता. रणात शत्रू असलेले हे दोघे भुईखाली एकच काम करीत होते. आपण मात्र लढायाच मोजतो; मराठी वाचकाला बुऱ्हाणपूर आठवते ते 1681च्या लुटीमुळे.

दोह्याचा उगम या बोगद्यात आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या अमलात पाण्यासाठी डोंगरउतार पोखरले गेले, त्याने वापरलेला 'पाणी' हा शब्द निव्वळ अलंकार म्हणून शिकवणे अपुरे आहे. शब्दामागचे जग वगळले, तर विद्यार्थ्याच्या हाती फक्त व्याकरण उरते.

2024 साली हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. पर्यटक आता येतीलच. साहित्याच्या वर्गांनीही एकदा तिथे जावे.