गाडीचा सौदा खालून व्हावा

आपल्या व्यापारी बांधवांत नवी गाडी घेणारे थोडे, जुनी घेणारेच जास्त. व्याजाच्या कर्जाला हात लावायचा नाही, म्हणून पाच-सहा वर्षांची बचत आणि भावा-मेहुण्याकडून घेतलेली उसनवारी मिळून जेवढी रोकड होते, तेवढ्यात बसेल असा टेम्पो किंवा व्हॅन घ्यायची, असा रिवाज आहे. रिवाज चांगलाच आहे. पण अशा सौद्यात पैसा एकदा अडकला की त्याच्या मागे दुसरा पैसा उभा नसतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, गाडीचा भाव रंगावर आणि इंजिनाच्या आवाजावर ठरवणे बंद झाले पाहिजे. इंजिन उघडून दुरुस्त होते, टायर बदलता येतात. खालचा पत्रा सडला तर गाडीच राहत नाही.

आम्ही कापडवाले. ताग्याची वरची घडी पाहून माल उचलणारा आमच्या धंद्यात दोन सीझनही टिकत नाही. तागा उलगडायचा, उजेडाकडे धरायचा, कुठे तार तुटली आहे, कुठे डाग आहे ते पाहायचे, मग भाव बोलायचा. पण हीच माणसे गाडी घ्यायला गेली की बॉनेट उघडतात, सीटवर हात फिरवतात, टायरला लाथ मारतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. खाली वाकून पाहायची लाज वाटते. विकणारा नात्यातला असला तर विचारूच नका. गाडीखाली डोके घातले तर त्याच्या शब्दावर शंका घेतल्यासारखे होईल म्हणे!

गंज दिसला की पळून जावे, असेही नाही. जुन्या गाडीला गंज असायचाच. प्रश्न आहे तो कोणत्या जातीचा आणि कुठे आहे याचा. पत्र्यावर नुसती तांबूस भुकटी असेल, तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली निरोगी लोखंड दिसत असेल, तर ते काम प्रायमर आणि रंगाने भागते. सायलेन्सर गंजलेला असला तरी घाबरू नये, तो बदलायचाच भाग आहे. दुसरी जात पापुद्र्यांची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पत्रा फुगतो, रंगाला फोड येतात, थर सुटू लागतात. इथे हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो. स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबल्यावर आत गेले तर ती तिसरी जात. तिथे पत्रा उरलेलाच नाही.

आता जागा. टेम्पो, ट्रक, जुन्या जीप यांना खाली वेगळी चेसिस असते, तिच्या पट्ट्या जाड असतात, वरवरचा गंज त्या बरीच वर्षे पचवतात. व्हॅन आणि बहुतेक छोट्या गाड्यांना अशी वेगळी चेसिस नसते. त्यांची बॉडी हाच सांगाडा, आणि तो पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा. म्हणून दरवाजाखालची लांब पट्टी, चाकांवरची कमान, जॅक लावायची जागा आणि स्प्रिंग-शॉकअप जिथे बॉडीला बसतात ती जागा, या चार ठिकाणी भोक असेल तर सौदा सोडावा. या पोकळ भागांना पाणी निघून जायला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आतच राहते आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतले काम झालेले असते. ब्रेकच्या बारीक लोखंडी नळ्यांवरून तर बोट फिरवूनच पाहावे. त्या गंजून पातळ झाल्या असल्या तर जोराने ब्रेक मारला की नेमक्या त्याच वेळी फुटतात, आणि मागे माल नि पुढे रस्ता असतो.

गाडी कुठे राहिली आणि काय वाहिले, हे आरसी बुकात नसते, ते विचारावे लागते. रत्नागिरी, मुरूड, श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेतली सहा वर्षांची गाडी सोलापूरच्या बारा वर्षांच्या गाडीपेक्षा जास्त खाल्लेली असू शकते. मासळी वाहिलेला टेम्पो तर दहा वेळा पाहावा. बर्फाचे खारट पाणी फळ्यांतून चेसिसवर ठिबकत असते. पुरातल्या गाड्यांचा वेगळाच धोका आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्यात गेले. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात जातात. अशा वेळी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, सतरंजी उचलावी, सीटखालच्या रुळांवर आणि नटांवर नजर टाकावी. चिखलाची रेघ कुठेतरी राहतेच.

सर्वात जास्त संशय मात्र ताज्या काळ्या कोटिंगचा घ्यावा. दहा वर्षांची गाडी खालून कालच्यासारखी काळीभोर दिसते, याचा अर्थ कोणीतरी विक्रीसाठी ती रंगवली. गंजावर थेट मारलेले कोटिंग ओल आत कोंडते आणि सडणे चालूच राहते. बाजूच्या पत्र्यासाठी लोहचुंबक खिशात ठेवावे, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून त्याला मलमलचा तुकडा गुंडाळावा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली आहे.

इथे आम्हाला आपल्याच कारागीर बांधवांना दोन शब्द सांगायचे आहेत. डेंटिंग, पेंटिंग, वेल्डिंगच्या कामात आपल्या समाजाची मुले खूप आहेत आणि हात सोन्याचे आहेत. पण सडलेल्या पट्टीवर पत्र्याचे ठिगळ लावून वर काळा रंग मारायला गाडीमालक सांगतो, तेव्हा ती गाडी उद्या विकायची आहे हे कारागिराला कळत नाही, असे आम्ही मानत नाही. आमच्याकडे रफू केलेला माल रफू म्हणून विकला तर तो धंदा. सलग म्हणून विकला तर ऐब लपवणे. कारागिराने सडका भाग कापून काढून नवा पत्रा जोडावा, नाहीतर बिलावर स्वच्छ लिहावे की वरून ठिगळ लावले आहे. दोनशे-चारशे रुपयांचे काम हातचे जाईल, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही मागणी कायम आहे.

‘पासिंग झालेले आहे’ हे उत्तरही पुरेसे धरू नये. भाड्याच्या गाडीला फिटनेस लागतो, पण तो त्या दिवसापुरता दाखला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेवढ्या काळात तिच्याखाली कोणा अधिकाऱ्याने वाकून पाहिलेले नसण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून बयाण्याआधी गाडी सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवावी, दिवसाउजेडी, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशी ती धुऊ नको म्हणून सांगावे. मेकॅनिक आपला असावा, त्याची मजुरी आपण द्यावी. विक्रेत्याने आणलेला नको. काय सापडले ते कागदावर उतरवावे, प्रत्येक कामाचा खर्च दोन गॅरेजमध्ये विचारावा आणि मग तो कागद समोर ठेवून भाव बोलावा.