खरखरणारी तार आणि खासगीकरणाचे वकील

"सरकारी फोन बंद पडतो, खासगी फोन चालतो, यात चर्चा ती कसली?" हे वाक्य एखाद्या भांडवली वृत्तपत्राच्या अग्रलेखात आले असते, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु अलीकडे ते आपल्या स्वतःच्या बैठकांनंतर, चहाच्या पेल्याबरोबर, चांगल्या जाणत्या सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. घरचे इंटरनेट दर पंधरा मिनिटांनी तुटते, फोन उचलला की तळणीत भजी सोडल्यासारखा आवाज येतो, तक्रार नोंदवून आठवडा उलटतो, आणि मग बीएसएनएलच्या जागी खासगी कंपनीची जोडणी घेऊन हे सहकारी मोकळे होतात. जोडणी बदलणे हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. त्यावर आमचे काहीच म्हणणे नाही. आमचे भांडण आहे ते त्या सोयीवरून काढलेल्या सिद्धांताशी. बंद पडणे हा सार्वजनिक क्षेत्राचा स्वभावधर्म आहे, असे मानावयाचे असेल तर निदान तार का खरखरते हे तरी आधी पाहिले पाहिजे.

तेव्हा तारेपासूनच सुरुवात करू. टेलिफोन एक्स्चेंजमधून घरापर्यंत तांब्याच्या दोन तारांची एक जोडी येते. तिच्यावर एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. गावातली वीज गेली तरी जुना फोन चालत असे, याचे कारण एवढेच. माणसाचा आवाज या तारेवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात वाहतो. ब्रॉडबँडचा संदेश त्याच तारेवरून, पण त्याच्या कितीतरी वरच्या पट्ट्यात, साधारण २५ किलोहर्ट्झपासून पुढे वाहतो. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून घरात एक छोटी डबी बसवतात, तिला स्प्लिटर म्हणतात. वरच्या पट्ट्यातला संदेश नाजूक असतो. जोडावर गंज चढला, सांध्यात पाणी शिरले, तर आवाज कसाबसा पोहोचतो पण इंटरनेट तुटते. उलट प्रकारही घडतो: जोडीपैकी एकच तार तुटली तर फोन साफ मुका होतो आणि इंटरनेट मात्र रखडत, अडखळत का होईना, काही काळ चालू राहते. फोन बंद आणि इंटरनेट चालू, हे पाहून ग्राहक चक्रावतो व तक्रार ऐकणारा त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. विश्वास न ठेवण्याचे काही कारण नाही.

आता तक्रार केल्यावर काय होते? पलीकडून सांगण्यात येते: मोडेम बंद करून पुन्हा चालू करा. ते केले असे सांगितले की, सर्व वायरी काढून पुन्हा लावा. तेही केले की, मोडेम बदलून पाहा. या प्रश्नोत्तराचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. आरोपी कोण, हे चौकशीपूर्वीच ठरलेले असते, आणि तो आरोपी ग्राहकाच्या घरात राहतो. दुरुस्तीचे श्रम, त्याला लागणारा वेळ आणि नव्या यंत्राचा खर्च या तिन्ही गोष्टी कंपनीच्या खात्यातून निघून ग्राहकाच्या खात्यावर चढतात. यात सरकारी कंपनी आणि खासगी कंपनी असा भेद नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी एका खासगी कंपनीचे फायबर आहे. पावसाळ्यात त्यावर तांबडा दिवा लुकलुकू लागला तेव्हा तेथील सेवाकेंद्राने तीन दिवस हाच पाठ म्हणून घेतला. तांबडा दिवा म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशच येत नाही. तो मोडेमला शंभर वेळा झोपवून उठवल्याने येणार नाही, हे पाठ घेणाऱ्यालाही ठाऊक असावे.

('ट्रबलशूटिंग' या शब्दाला मराठीत 'दोषशोधन' म्हणावे असे आम्हाला वाटते. 'शोध' आणि 'शुद्धी' हे दोन्ही अर्थ त्यात येतात. तक्रारकेंद्राच्या संगणकावर मात्र 'निवारण' हा शब्द झळकतो, आणि तोही दोषाचा शोध लागण्यापूर्वी.)

घरातला दोष कधीच नसतो, असा याचा अर्थ नव्हे. तो असतो, आणि तो ओळखण्यास दहा मिनिटे पुरतात. बाहेरची तार घरात जेथे प्रथम येते त्या डबीपाशी जावे. घरातले सर्व फोन, मोडेम, स्प्लिटर, जादा वायरी काढून ठेवाव्यात आणि चालू असलेला एकच साधा फोन थेट त्या डबीला जोडावा. एक आकडा दाबून डायलटोन थांबवावा आणि कान देऊन ऐकावे. खरखर राहिली तर दोष बाहेरचा. तेथे घरातले काहीही बदलून उपयोग नाही. खरखर गेली तर एकेक वस्तू परत जोडत जावी, म्हणजे अपराधी आपोआप सापडतो. पुष्कळदा ती दुसऱ्या खोलीत नेलेली, स्प्लिटरला वळसा घालून गेलेली जुनी समांतर वायर असते. फोनची घंटा वाजताच इंटरनेट तुटत असेल तर स्प्लिटर तरी नासला आहे किंवा कोठेतरी कच्चा जोड आहे. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत राहिला तर तारेचा एक्स्चेंजशी संबंधच जुळत नाही. तो स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा नाही, तर तार ठीक असून नाव-संकेतशब्दाच्या किंवा पलीकडच्या यंत्रणेच्या पायरीवर अडले आहे. दोन्ही दिवे स्थिर आणि रात्री नऊलाच वेग मंदावतो, तर तो तारेचा दोष नव्हे, गर्दीचा आहे. ती वाहून नेण्याची क्षमता कंपनीने वाढवलेली नाही. मोडेमला संगणक वायरने जोडून पाहिल्याखेरीज वायफायला आणि तारेला एकाच फासावर लटकवू नये. पाऊस पडला की बंद आणि दोन दिवस ऊन पडले की चालू, एवढी नोंद वहीत असली तर केबलच्या सांध्यात पाणी आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि येथेच खरा प्रश्न सुरू होतो. दोष बाहेर आहे हे ग्राहकाने सिद्ध केले. आता तो काढणार कोण?

घराबाहेर तार खांबावरच्या डबीत जाते, तेथून रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीत, तेथून जमिनीखालच्या जाड केबलमधून एक्स्चेंजच्या मुख्य चौकटीवर. या वाटेवर असंख्य जोड आहेत. शेकडो एकसारख्या जोड्यांमधून अमक्या घराची जोडी कोणती, मागच्या पावसाळ्यात कोणत्या सांध्यात पाणी शिरले होते, नळाच्या खोदकामात केबल कोठे तुटली आणि घाईत कशी जोडली, हे सारे लाइनमनच्या डोक्यात असे. कागदावरच्या नोंदी नेहमीच मागे पडलेल्या असत. शिडी, पक्कड, कमरेचा तपासणीचा फोन आणि वीस वर्षांची स्मरणशक्ती: ही त्याची यंत्रसामग्री.

या स्मरणशक्तीचे काय झाले? २०१९ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने 'पुनरुज्जीवन' योजना जाहीर केली आणि तिच्यातले पहिले काम कोणते केले, तर पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार कर्मचारी बाहेर पडले. एकूण संख्या दीड लाखाच्या आसपास होती. म्हणजे निम्म्याहून अधिक. मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधून आणखी १४ हजारांवर गेले. वेतनखर्च वाचला म्हणून मंत्र्यांनी पाठ थोपटून घेतली. पण पन्नाशीच्या पुढचा लाइनमन म्हणजे नेमका तोच, ज्याला जोडी ठाऊक होती. त्याच्या जागी ठेकेदार आला. ठेकेदाराच्या मजुराला ना हुद्दा, ना हमी. त्यातल्या हजारोंची मजुरी तर २०१९ मध्ये महिनोन् महिने थकलेली होती. अशा मजुराकडून तारेची आठवण कोणत्या तोंडाने मागायची? तक्रार आठवडाभर पडून राहते, हे खरे आहे. ती पडून राहावी अशी व्यवस्था करण्यात आली, हेही खरे आहे. आणि आमच्या सहकाऱ्यांच्या वाक्यात हा दुसरा भाग नसतो.

यावर उत्तर येते की बीएसएनएल तोट्यात होती, सरकार तरी काय करणार? तोटा हा आकाशातून पडला काय? २००४-०५ साली याच कंपनीचा नफा दहा हजार कोटी रुपयांच्या वर होता. ग्रामीण भागात तोटा सोसून लँडलाइन चालवल्याबद्दल तिला मिळणारा आकार २००८ साली बंद करण्यात आला. तोट्याच्या लाइनी मात्र तिच्याकडेच राहिल्या. मोबाइलची मागणी उसळत असताना साडेचार कोटी लाइनींचे टेंडर २००७ मध्ये निम्म्यावर आणले गेले, आणि ९ कोटी ३० लाखांचे पुढचे टेंडर २०१० मध्ये रद्दच झाले. त्याच वर्षी स्पेक्ट्रमच्या लिलावात खासगी कंपन्यांनी बोलीने ठरवलेली किंमत, लिलावात भाग न घेतलेल्या बीएसएनएलकडूनही वसूल करण्यात आली: सुमारे १८,५०० कोटी रुपये. कंपनीची गंगाजळी तेथे आटली. रिलायन्स जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये ४जी घेऊन उतरली. बीएसएनएलला ४जी स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय व्हायला २०१९ उजाडले. २०२० चे टेंडर पुन्हा रद्द झाले. आणि देशव्यापी सेवेचे उद्घाटन झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. स्वदेशी यंत्रसामग्रीचा आग्रह आम्हाला मान्य आहे, तो आपलाच जुना आग्रह आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने देशातच घडवलेली एक्स्चेंजे खेड्यापाड्यांत बसवून दाखवली होती. पण परदेशी यंत्रांवर धंदा करण्याची मुभा खासगी कंपन्यांना, आणि वाट पाहण्याचे देशप्रेम एकट्या सार्वजनिक कंपनीला, हा कोणता न्याय?

आणि खासगी कार्यक्षमतेचे काय झाले? ठरलेली परवानाशुल्के भरता येईनात म्हणून १९९९ मध्ये याच कंपन्यांसाठी सरकारने नियम बदलून त्यांना महसूल-वाटणीच्या पद्धतीवर नेले. वाटणीतला सरकारचा हिस्सा कशावर मोजायचा यावरून त्या वर्षानुवर्षे न्यायालयात भांडल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या. २०२१ मध्ये थकबाकीला चार वर्षांची सवलत मिळाली. व्होडाफोन आयडियाची देणी भागभांडवलात बदलता बदलता २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा जवळजवळ ४९ टक्क्यांवर गेला. लाइनमनच्या पगाराला पैसा नाही, बुडत्या खासगी कंपनीला आहे! फुकट डेटाची खिरापत वाटून स्पर्धक संपवल्यावर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ असे तीनदा दर चढले. 'खासगी फोन चालतो' म्हणणाऱ्यांनी बिलाकडेही एकदा पाहावे.

सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकरशाहीची वकिली करण्यासाठी हा लेख नाही. दुरुस्तीशिवाय तक्रार बंद केल्याचा संदेश पाठवणारे अधिकारी बीएसएनएलमध्ये आहेत. तांब्याच्या तारा कुजू देऊन, फायबरचे काम महसूल-वाटणीवर स्थानिक केबलचालकांच्या हवाली करणारे धोरणही तेथेच आखले जाते. पण या कारभाराविरुद्ध कोण उभे राहिले? फेब्रुवारी २०१९ मध्ये तीन दिवसांचा संप झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत पगाराबरोबर ४जी स्पेक्ट्रमही होता. काम करण्यासाठी हत्यार द्या म्हणून कामगार संप करतात, आणि 'आळशी सरकारी नोकर' म्हणून त्यांचीच टिंगल होते. त्या संपाच्या वेळी आपल्या किती शाखांनी लँडलाइनच्या ग्राहकांना कर्मचाऱ्यांच्या सभेला नेले, हा प्रश्न चहाच्या वेळी विचारण्यासारखा आहे.

इंदूरपासून हैदराबादपर्यंत आणि बडोद्यापासून नागपूरपर्यंत जेथे जेथे आपले सहकारी आहेत, तेथे करता येण्याजोगे काम साधे आहे. वर सांगितलेली तपासणी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन करावी. दोष बाहेरचा ठरला की तक्रारीत 'इंटरनेट चालत नाही' असे मोघम न लिहिता 'पहिल्या डबीवर, सर्व उपकरणे काढून, खरखर कायम' असे लिहावे, आणि तक्रारीचा क्रमांक, तारीख व वेळ वहीत टिपावी. दुरुस्तीशिवाय तक्रार बंद झाली तर त्याच दिवशी कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. २०१२ च्या नियमांनी ही दुसरी पायरी प्रत्येक कंपनीला बंधनकारक केली आहे. दोष ठरावीक मुदतीत निघाला नाही तर भाड्यातली सूट मागून घ्यावी, ती कोणी आपण होऊन देत नाही. टेलिफोनच्या तक्रारीसाठी ग्राहक न्यायालयाचे दार २००९ च्या एका निकालाने बंद झाल्यासारखे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उघडे असल्याचे स्पष्ट केले आहे, आणि हे दार खासगी कंपन्यांविरुद्धही तितकेच उघडे आहे. एकाच लोखंडी पेटीवरच्या दहा-पंधरा घरांच्या तक्रारी एकत्र झाल्या की त्या पेटीचा नकाशा तयार होतो. तो नकाशा घेऊन एक्स्चेंजवर जाताना तेथील कर्मचारी संघटनेच्या सहकाऱ्यांना आणि ठेकेदाराच्या मजुरांना बरोबर घ्यावे, म्हणजे केबल बदलण्याची मागणी आणि थकलेल्या मजुरीची मागणी एकाच निवेदनावर जाईल.