पाटी मॅनेजमेंटची, वर्ग कॉमर्सचा

बारावीचा निकाल लागला, की आमच्या घरी पाहुणे वाढतात. बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला शिक्षणातलेही कळत असावे, असा नातेवाइकांचा एक गोड गैरसमज आहे. यंदा भाचा आला, मुलीला घेऊन. सोबत चार कॉलेजांच्या चकचकीत माहितीपुस्तिका. त्या टीपॉयवर पसरून तो म्हणाला, "मामा, साधं बी.कॉम. करायचं नाही, एवढं ठरलंय. पुढचं तुम्ही सांगा."

'साधं' हा शब्द मला लागला. मी साधा बी.कॉम. आहे.

पण राग बाजूला ठेवून मी पुस्तिका चाळल्या. बीएमएस, बीबीए, बीएएफ, बीबीआय, बीएफएम. एके काळी बँकेच्या परिपत्रकांत असत तशी ही आद्याक्षरे. मुंबई विद्यापीठात बीएमएस 1999 साली आले आणि त्यामागून बाकीची भावंडे. त्यातली गंमत अशी, की आपण ज्याला बीएएफ म्हणतो त्याचे खरे नाव बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स). बीबीआय म्हणजे बी.कॉम. (बँकिंग अँड इन्शुरन्स). 'साधं' नको म्हणून घेतलेल्या पदवीच्या पोटातही बी.कॉम. आहेच! त्याहून मोठी गंमत 2024 साली झाली. बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सक्तीची झाली. तेव्हा मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी काय केले? बीएमएसची पाटी उतरवली आणि 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' अशी नवी लावली. बी.कॉम.ला सीईटी नाही! पंचवीस वर्षे ज्या नावापासून लांब पळायचे, त्याच नावाच्या आडोशाला सगळे एका उन्हाळ्यात येऊन बसले.

मी कॉलेजांना दोष देत नाही. बी.कॉम.च्या अनुदानित तुकडीत प्राध्यापकाचा पगार सरकार देते आणि फी काही हजारांत भागते. विनाअनुदानित अभ्यासक्रमाला सगळा खर्च फीमधून काढावा लागतो, म्हणून ती कित्येक पट. आणि बी.कॉम.चे वर्ग कसे चालतात हेही मी पाहिले आहे. पटावर एकशेवीस, वर्गात तीस, उरलेले क्लासला. मॅनेजमेंटच्या वर्गात निदान मुले उभी राहून बोलतात, प्रकल्प करतात, एखाद्या कंपनीत महिना-दोन महिने काढतात. कोपऱ्यात अंग चोरून बसणारी मुलगी तिसऱ्या वर्षी शंभर जणांसमोर ठणठणीत बोलताना दिसते, तेव्हा फी वाया गेली असे कोण म्हणेल? 1913 साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले, तेव्हा बी.कॉम. हीसुद्धा नवलाईचीच पदवी होती.

मग माझे दुखणे काय? ते सांगायला मला 2006 सालात जावे लागेल.

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एसटीतले एक कंडक्टर मुलाला घेऊन आले. मुलाला पुण्यातल्या एका खाजगी संस्थेत बीबीएला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना 2001 पासून लागू होती. चार लाखांपर्यंत तारण नको, वडील सहकर्जदार. मी गुणपत्रिका पाहिली, प्रवेशपत्र पाहिले, फीचा तक्ता पाहिला आणि दोन लाख चाळीस हजार मंजूर केले. मुलगा पाया पडला. मला फार बरे वाटले, खोटे कशाला सांगू? त्या आठवड्यात घरीही तीनदा सांगितले असेल.

मुलगा 2009 साली बाहेर पडला. तेव्हा मंदी होती, हे खरे. पण त्याला जी नोकरी मिळाली ती मोबाइलची कनेक्शने विकण्याची, पगार सात हजार. व्याज मिळवून कर्ज तीन लाखांच्या वर गेलेले, हप्ता पाच हजारांच्या घरात. पुण्यात राहून तो काय भरणार? हप्ता भरायला कंडक्टर येऊ लागले. खाकी गणवेशातच, ड्युटी संपवून, तिकिटांच्या हिशेबासारख्या नोटा मोजत. एकदा त्यांनी विचारले, "साहेब, त्यानं तिथं जे शिकलं, ते इथल्या कॉलेजात नसतं का शिकवलं?"

मला उत्तर देता आले नाही. कारण मी तो अभ्यासक्रम पाहिलाच नव्हता. अर्जात तसा रकाना नव्हता. ट्रॅक्टरला कर्ज देताना मी कोटेशन वाचायचो, विहिरीला देताना पाणी किती लागेल ते विचारायचो. या कर्जात फीचा आकडा वाचला आणि सही केली. माझ्या फायलीत ते कर्ज पूर्णपणे नियमात बसणारे होते. पुढे माझी बदली झाली. कंडक्टरांनी ते फेडले असणार. तशी माणसे फेडतातच.

म्हणून भाच्याला मी आधी दारे मोजायला लावली. बँकेच्या भरतीला पदवी कोणत्याही शाखेची चालते. स्पर्धा परीक्षांचे तेच, एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचेही तेच. सी.ए.च्या फाउंडेशनला बारावीनंतरच बसता येते, पदवीचे नाव तिथे कोणी विचारत नाही. म्हणजे महाग पाटीमुळे जास्तीचे दार फारसे उघडत नाही. उघडतो तो वर्ग, आणि तो वर्ग कसा आहे हे पुस्तिकेत छापलेले नसते.

भाचा म्हणाला, "पण मामा, बाहेर लोक विचारतात ना, काय करते म्हणून!" हेही खरेच. आपल्याकडे अर्धी फी त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच भरली जाते.

नातीला मात्र मी एक वही दिली आणि प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. अकाउंट्स कोण शिकवते, कायमचे प्राध्यापक की तासिका तत्त्वावरचे? ते गेल्या वर्षी इथेच होते का? तीन वर्षांत अकाउंट्स, कॉस्टिंग, करआकारणी यांचे किती पेपर आहेत? प्रकल्प मुले स्वतः करतात, की झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात? नव्या शैक्षणिक धोरणातले चौथे, ऑनर्सचे वर्ष या कॉलेजात खरोखर भरणार आहे का? शिष्यवृत्ती कोणत्या पदवीला लागू आहे? आणि नोकरी लागलेल्यांचे फोटो दाखवले, तर न लागलेल्यांची संख्या विचार.

"मामाआजोबा, असं विचारलं तर ते ॲडमिशन देतील का?" तिने विचारले.

"ऑफिसात नको विचारूस. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार."

चार दिवसांनी ती आली, वही भरून. एका कॉलेजात मॅनेजमेंटचे तीन विषय एकच बाई शिकवतात, त्याही दुसऱ्या कॉलेजातून धावत येऊन. दुसरीकडच्या बी.कॉम.ला अकाउंट्सचे एक सर आहेत, त्यांच्या तासाला बाहेरच्या तुकडीची मुले येऊन मागे उभी राहतात. पण त्याच कॉलेजात इंग्रजीचा तास जूनपासून झालेला नाही. तिने दोन्ही प्रामाणिकपणे लिहिले होते.

दोन्हीकडच्या यादीत तिचे नाव लागले आहे. फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. भाच्याने मुदत ठेवीची पावती कपाटातून काढून ठेवली आहे, पण अजून बँकेत नेलेली नाही.